जोडी जमवण्याआधी वंशावळ

पाळीव बोआची जोडी लावायची म्हटली की बोलणं आधी रंगावर जातं. नर अल्बिनो आहे, मादी साधी; मग पिल्लं कशी निघतील? मादी मोटली असेल तर? कागदावर चार घरांची चौकट काढायची, एका बाजूला नराची जनुकं, दुसऱ्या बाजूला मादीची, आणि उत्तर मोजायचं. हे गणित खोटं नाही. मेंडेलचे वाटाणे शाळेत शिकलेल्या कुणालाही ते जमतं. पण ते दुसऱ्या पायरीचं गणित आहे. पहिल्या पायरीवरचा प्रश्न असा की हे दोन साप कुणाची पिल्लं आहेत, आणि त्यांचे आईबाप कुणाची होती? त्याचं लेखी उत्तर हातात नसेल, तर नर-मादी एका पेटीत सोडणं हा निव्वळ जुगार आहे. या प्रकरणात एवढंच मांडायचं आहे की बोआच्या बाबतीत वंशावळ ही जोडीची पहिली अट आहे. आणि ज्या वाटांनी हा परदेशी साप आज मुंबईच्या घरांत पोहोचतो त्या पाहिल्या, तर ही अट पुरी करणारी जोडी सापडणं कठीण आहे.

आधी प्राणी समजून घेऊ. बोआ कन्स्ट्रिक्टर हा मूळचा मेक्सिकोपासून अर्जेंटिनापर्यंतचा. अजगरासारखा दिसला तरी अजगर अंडी घालतो आणि बोआ जिवंत पिल्लांना जन्म देतो. मादी प्रजननाला तयार व्हायला साधारण तीन-चार वर्षं घेते, नर त्याआधी तयार होतो. थंडीच्या दिवसांत मीलन होतं, पण ते झालं म्हणजे गर्भ राहिला असं नसतं. अंडमोचनानंतर मादी एकदा कात टाकते. अनुभवी पाळणारे ती तारीख वहीत लिहून ठेवतात, कारण तिथून साधारण साडेतीन महिन्यांनी पिल्लं येतात. या काळात मादी बहुधा खाणं सोडते, पेटीच्या उबदार बाजूला पडून राहते आणि अंगावरची चरबी खर्चत जाते. म्हणून तिला दरवर्षी जुंपणं हे शुद्ध हावरटपणाचं लक्षण आहे. एका वेतात वीस-पंचवीस पिल्लं सहज होतात, कधी त्याहून कितीतरी जास्त. आणि यातलं प्रत्येक पिल्लू वीस-तीस वर्षं जगू शकतं. फिलाडेल्फियाच्या प्राणिसंग्रहालयातला एक बोआ 40 वर्षांहून अधिक जगला. एका संध्याकाळी घेतलेल्या निर्णयाचा हिशेब अशा दशकांत चुकवावा लागतो.

आता रंगाकडे येऊ, कारण वंशावळ नसली की रंगाचं गणितही कसं कोसळतं ते तिथेच स्पष्ट दिसतं. बोआमधला अल्बिनो रंग अप्रभावी जनुकाने येतो. पिल्लाला तो आई आणि बाप दोघांकडून मिळाला तरच अंगावर दिसतो. एकाकडूनच मिळाला तर पिल्लू दिसायला साधं, पण वाहक. असे दोन वाहक एकत्र आले आणि 24 पिल्लं झाली, तर सरासरीने सहा अल्बिनो आणि अठरा साधी दिसणारी. या अठरांपैकी बारा वाहक आणि सहा कोरी, पण कोणती बारा हे डोळ्यांनी सांगता येत नाही. विकताना त्या अठरांनाही 'वाहक असू शकेल' अशी चिठ्ठी लागते, आणि तिसऱ्या हातात जाईपर्यंत त्यातलं 'असू शकेल' गळून पडलेलं असतं. पुढची गोष्ट आणखी बोलकी आहे. अल्बिनो बोआचे दोन मुख्य वंश जगात प्रसिद्ध आहेत, काल आणि शार्प, दोन्ही अमेरिकेतल्या बोआ-पैदासकारांच्या आडनावांनी ओळखले जाणारे. दोन्हींत काळं रंगद्रव्य नाही, दोन्ही पिवळट-केशरी दिसतात. पण काल अल्बिनो नर आणि शार्प अल्बिनो मादी यांची जोडी लावली, तर सगळी पिल्लं साधी निघतात. रंगद्रव्य तयार होण्याची साखळी दोन वेगवेगळ्या ठिकाणी तुटलेली असते, आणि प्रत्येक पिल्लाला दुसऱ्या पालकाकडून त्या तुटक्या कडीची चांगली प्रत मिळते. म्हणजे समोर दोन अल्बिनो साप ठेवले तरी ते कोणत्या वंशाचे हे कागदावर नसेल तर चौकटीत मांडायलाच काही उरत नाही.

काही रंग तर गणिताच्या पलीकडचा धोका घेऊन येतात. मोटली हा प्रभावी रंग एका पालकाकडून आला तर पिल्लू ठणठणीत असतं. दोन्हीकडून आला तर ते बहुधा पुरतं मोठं होईपर्यंत जगत नाही. बॉल पायथन या आफ्रिकी अजगरातल्या 'स्पायडर' रंगासोबत तोल जाणं, मान वाकडी होणं, डोकं गरगरणं हे विकार येतात, आणि ते निवडून काढून टाकता येत नाहीत, कारण नक्षी आणि विकार दोन्ही एकाच जनुकाचं देणं आहे. ब्रिटनमधल्या इंटरनॅशनल हर्पेटॉलॉजिकल सोसायटीने 2018 साली आपल्या प्रदर्शनांत स्पायडरची विक्री थांबवली. नक्षी पाहून जोडी ठरवणाऱ्याला हे ठाऊक असायलाच हवं. पण मोटलीच्या घरातलं, नक्षी नीट न उमटलेलं पिल्लू साधं म्हणून हाती आलं असेल, तर हे कळणार तरी कुठून?

यानंतर खरा कळीचा मुद्दा येतो तो नात्यातल्या पैदाशीचा. दुर्मीळ रंगाची सुरुवात बहुधा एका जनावरापासून होते, म्हणून तो रंग पुन्हा आणायचा तर मुलीची जोडी बापाशी किंवा भावाची बहिणीशी लावायची, हा रूढ मार्ग. आपल्याकडे याचं सर्वांत ठळक उदाहरण सापाचं नाही, वाघाचं आहे. रीवाच्या महाराजांनी 1951 साली पकडलेला मोहन हा पांढरा वाघ बेगम नावाच्या साध्या वाघिणीसोबत ठेवला, तेव्हा बछडे साधेच झाले. मग त्यांच्यातल्याच राधाशी, म्हणजे मोहनच्या मुलीशी, त्याची जोडी लावली आणि 1958 साली चार पांढरे बछडे जन्मले. जगभरच्या प्राणिसंग्रहालयांतले पांढरे वाघ प्रामुख्याने या एकाच घराण्यातले, आणि तिरळेपणासारखे दोष त्यांच्या वाट्याला आले. बाप-मुलगी किंवा सख्खे भाऊ-बहीण यांच्या संततीत एखाद्या जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून येण्याची शक्यता 25 टक्के असते. मामे-आते भावंडांच्या लग्नात, जे आपल्या कित्येक घरांत रीतीने झालं आहे, ती सव्वासहा टक्के. बोआच्या रंगीत वंशांत चौपट धोका पहिल्याच फेरीत पत्करला जातो, आणि फेऱ्या तिथे थांबत नाहीत.

यावर पैदास करणाऱ्यांचा ठरलेला आक्षेप असा की सस्तन प्राण्यांचे नियम सापांना लावू नका. साप चिवट असतात, पिढ्यान्‌पिढ्या नात्यात वाढवले तरी काही होत नाही. या आक्षेपाला उत्तर स्वीडनमधून मिळालं आहे, आणि तेही पिल्लं घालणाऱ्या सापाच्या बाबतीत. दक्षिण स्वीडनमध्ये स्मिगेहुक इथे युरोपीय ॲडर या विषारी सापांची एक छोटी वस्ती शेतजमिनीने वेढली जाऊन बाकीच्यांपासून तुटली होती. तिथे मेलेली आणि व्यंग असलेली पिल्लं मोठ्या प्रमाणात जन्मत होती आणि वस्ती घटत चालली होती. थॉमस मॅडसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1992 साली दुसऱ्या, मोठ्या वस्तीतले 20 नर तिथे आणून सोडले. काही वर्षांनी त्यांतले उरलेले उचलून परत नेले. नव्या रक्ताची पिल्लं मोठी होईपर्यंत वस्तीची घसरण चालूच राहिली, आणि मग संख्या झपाट्याने वाढली. हा अभ्यास 1999 साली 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच चमूने आधी दाखवून दिलं होतं की अनेक नरांशी मीलन करणाऱ्या ॲडर माद्यांना मृत पिल्लं कमी होतात. रानात मादीला नर बदलण्याची मुभा असते. पेटीतल्या मादीला मालक देईल तोच नर. म्हणून निवडीची जबाबदारीही मालकावर येते. पेटीत नात्यातली काही वेतं धडधाकट निघतात, हे खरं. पण मेलेल्या पिल्लांची नोंद ठेवतो कोण? वही नसणाऱ्याला आपले साप नेहमीच चिवट वाटतात.

नोंदीचं मोल किती असू शकतं याचा एक नमुना बोआनेच दाखवला आहे. अमेरिकेतल्या एका मादीला दोन वेतांत मिळून 22 पिल्लं झाली. सगळ्या माद्या, आणि सगळ्यांचा रंग आईचा तो दुर्मीळ 'कॅरॅमल'. हा रंग अप्रभावी. तिच्यासोबत ठेवलेल्या नरांपैकी कुणातच तो नव्हता. ही गोष्ट लिहिलेली होती म्हणून शंका आली. वॉरन बूथ आणि सहकाऱ्यांनी जनुकीय तपासणी केली तेव्हा पिल्लांना बापच नसल्याचं निष्पन्न झालं. नर जवळ असूनही मादीने एकटीने पिल्लं घातली होती. 2011 च्या आसपास हा शोध गाजला. लिंग ठरवणारी गुणसूत्रं सापांत पक्ष्यांसारखीच, म्हणजे मादीकडून ठरणारी, अशी तेव्हा समजूत होती. 2017 साली टोनी गॅम्बल यांच्या चमूने बोआ आणि अजगर या दोन्हींत माणसासारखी एक्स-वाय पद्धत असल्याचं दाखवलं, आणि एकट्या मादीला सगळ्या मुलीच का झाल्या याचं सरळ स्पष्टीकरण मिळालं: तिच्याकडे द्यायला वाय होताच कुठे? बॉल पायथनच्या 'बनाना' रंगात काही नरांच्या पोटी हा रंग जवळजवळ फक्त मुलांतच आणि काहींच्या पोटी मुलींतच का उतरतो, हे पैदास करणाऱ्यांना आधीपासून जाणवत होतं. तेही याच गुणसूत्रांचं देणं. रंग आईकडून आला की बापाकडून, एवढी एक ओळ लिहिलेली नसेल तर या माहितीचा उपयोग शून्य.

रंग आणि नातं यांच्यासोबत आजारही वंशावळीतून उतरतो. बोआ पाळणाऱ्यांना सर्वांत जास्त धास्ती असते ती पेशींत विशिष्ट गोळे साठत जाणाऱ्या एका प्राणघातक रोगाची. 2012 साली त्याच्यामागचा विषाणू अरेनाव्हायरस गटातला असल्याचं उघड झालं, आणि पुढे तो आईबापांकडून पिल्लांत जातो हेही दिसलं. लागण झालेला बोआ महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं, निरोगी दिसू शकतो. तेव्हा तजेलदार कातडी आणि दणकट भूक ही जोडीसाठी पुरेशी पात्रता नव्हे. लिंगाची खात्रीसुद्धा नजरेने करू नये. गुदद्वाराच्या दोन बाजूंना बोआला नखासारखे काटे असतात, ते नराचे सहसा मोठे. पण खात्री होते ती सळई घालून केलेल्या तपासणीने, आणि ती शिकलेल्या हातानेच व्हावी. मुंबईत परळला 1886 पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे. लालबाग-परळच्या माणसाला पशुवैद्यकाचा सल्ला घ्यायला लांब जावं लागत नाही.

आता मुंबईची परिस्थिती. डिसेंबर 2023 मध्ये बँकॉकहून मुंबई विमानतळावर उतरलेल्या एका प्रवाशाच्या सामानात बिस्किटं आणि केकच्या पाकिटांत दडवलेले नऊ बॉल पायथन आणि दोन कॉर्न स्नेक महसूल गुप्तचर यंत्रणेला सापडले. पकडलं गेलं नसतं तर हे नऊ वेगवेगळ्या घरांत गेले असते. एका माणसाने, एका खेपेत, एका ठिकाणाहून उचललेले नऊ साप भावंडं असण्याची शक्यता किती, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. पुढे त्यातला एखादा नर गिरगावात आणि मादी दादरला वाढली, तर दोघांचे मालक एकमेकांना अनोळखी म्हणून जोडीही बिननात्याची समजतील. बोआ याच वाटेने आला असेल, तर त्यालाही हेच लागू. 2022 ची वन्यजीव संरक्षण कायद्यातली दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली, आणि वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय 'साइट्स' करारातल्या परदेशी प्रजाती प्रथमच या कायद्याच्या कक्षेत आल्या. बोआ कन्स्ट्रिक्टर त्यांतलाच. फेब्रुवारी 2024 च्या नियमांनुसार अशा प्राण्यांची सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करायची आहे, जन्म-मृत्यू-हस्तांतर कळवायचं आहे. हे चांगलंच आहे. पण नोंदणी साप कुणाकडे आहे ते सांगते, तो कुणाचा आहे ते सांगत नाही. चोरट्या वाटेने आलेल्या सापाला नोंदणी क्रमांक मिळवून दिला तरी त्याचा आजा कोण हे त्यातून उगवत नाही.

दुसरा आक्षेप इथेच पुढे येतो: मग प्राणिसंग्रहालयं काय वेगळं करतात? लालबागपासून हाकेच्या अंतरावर राणीच्या बागेतल्या प्राणिसंग्रहालयात 2016 साली सोलहून आठ हम्बोल्ट पेंग्विन आले. एक काही महिन्यांतच दगावला, उरले सात. 15 ऑगस्ट 2018 ला पहिलं पिल्लू जन्मलं, पण ते जगलं नाही. 2021 पासून पिल्लं वाढू लागली आणि कळप मूळ संख्येच्या दुप्पट होऊन पुढे गेला. सात पक्ष्यांवर उभी राहिलेली ही वस्ती नव्या रक्ताशिवाय दुसऱ्या-तिसऱ्या पिढीत भावंडांपाशीच येऊन अडकणार, हा आक्षेप रास्त आहे आणि तो राणीच्या बागेलाही लागू पडतो. फरक असा की तिथे प्रत्येक पक्ष्याचे आईबाप माहीत असतात, म्हणून प्रश्न निदान मांडता येतो आणि दुसऱ्या संग्रहालयाशी अदलाबदलीची बोलणी करता येतात. वन्यप्राण्यासाठी असं स्टडबुक, म्हणजे वंशावळीची वही, पहिल्यांदा निघालं ते युरोपीय गव्यासाठी, 1932 साली. रानातून नामशेष झालेली ही जात 12 जनावरांपासून पुन्हा उभी राहिली, ती प्रत्येक वासरू त्या वहीत चढवत चढवत. तिथेही आंतरपैदास झाली, पण लपवलेली नाही, मोजलेली. घरगुती पैदाशीत अशी वही ठेवायला कुणी हरकत घेतलेली नाही.

तिसरा आक्षेप भावनेला हात घालणारा आहे: घरात पैदास झाली की रानातले साप वाचतात. होंडुरासजवळच्या कायोस कोचिनोस बेटांवरचा फिकट गुलाबी छटेचा, बुटका बोआ बाजारात 'हॉग आयलंड' म्हणून ओळखला जातो. परदेशी बाजारासाठी तो इतका उचलला गेला की बेटांवर दिसेनासा होऊ लागला. अमेरिकेत त्याची भरपूर पैदास झाली, पण पुष्कळ जणांनी त्याची जोडी मुख्य भूमीवरच्या बोआशी लावली. आज त्या संकराचा एखादा सुंदर वंशज बेटावर नेऊन सोडता येईल का? नाही, त्याने मूळ वस्तीच बिघडेल. पोर्तो रिकोत तर पाळीव बाजारातून सुटलेल्या बोआंनी रानात ठाण मांडलं आहे. वंशावळीविना केलेली पैदास रानाच्या उपयोगाची राहत नाही, हे या बेटांनी दाखवून दिलं आहे.

बोआ म्हटल्यावर आपल्या मातीतले तीन भाऊबंद विसरून चालणार नाही: मांडूळ, डुरक्या घोणस, आणि पश्चिम किनाऱ्यावरचा व्हिटेकरचा सँड बोआ, ज्याचं शास्त्रीय वर्णन 1991 मध्ये झालं. तिघेही पिल्लं घालणारे आणि बिनविषारी. मांडुळाची शेपूट तोंडासारखी बोथट, म्हणून तो दुतोंड्या. त्याच्या नावावर गुप्तधनाच्या आणि औषधाच्या थापा मारून लाखांच्या बोली लावल्या जातात, आणि भाव ठरतो वजनावर. एखाद्या चतुराला वाटेल की मग मांडुळाची घरीच पैदास करावी. तो देशी वन्यप्राणी आहे. त्याला घरात ठेवणं हाच गुन्हा, जोडीचा प्रश्नच उद्भवत नाही. मुंबईत सापांना हाताळण्याची परंपरा जुनी. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात फ्रँक वॉल यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भारतीय सापांवर लेखमाला लिहिली, परळच्या हाफकिन संस्थेत विष काढण्यासाठी साप ठेवले गेले. ही परंपरा मोजण्याची आणि लिहून ठेवण्याची आहे, आणि घरात साप पाळणाऱ्याने तिच्याकडून घ्यावं ते हेच.

व्यवहाराची बाजू चटकन सांगून टाकू, कारण ती कुणालाही समजते. पंचवीस पिल्लं एका पेटीत मोठी होत नाहीत. प्रत्येकाला वेगळा डबा, वेगळं पाणी, उबेची सोय, ठरावीक दिवसांनी बेताच्या मापाचा उंदीर. दहा बाय बाराच्या खोलीत माणसं, देव्हारा आणि कपाट मावल्यावर उरलेल्या भिंतीला पंचवीस डबे लावायचे, वर्षभराने त्यांच्या जागी मोठ्या पेट्या आणायच्या, आणि घेणारा मिळेना तर तेच तीस वर्षं सांभाळायचे. विकणं सोपं आहे असं ज्याला वाटतं त्याने स्वतःकडे तो साप कसा आला ते आठवावं.

तेव्हा ज्यांच्याकडे बोआ आहे त्यांनी तो आधी नोंदवावा, नर आणि मादी वेगळ्या पेट्यांत ठेवाव्यात, आणि खाणं, वजन, कात, आजार यांच्या तारखा आजपासून वहीत लिहाव्यात. दोन्ही बाजूंच्या निदान दोन पिढ्यांची लेखी वंशावळ, विषाणूची तपासणी, आणि प्रत्येक पिल्लासाठी आधीच ठरलेलं घर, यांतलं एक जरी नसलं तर जोडी लावू नये. एकटा ठेवलेला बोआ काही झुरत नाही. तो एकट्यानेच राहणारा प्राणी आहे.